‘मॉंगूस’चं माहेर

इंग्रजीच्या तासाला मुलांना हमखास चकवणारा एक जुना प्रश्न आहे. ‘गूस’ म्हणजे हंस, त्याचं अनेकवचन ‘गीस’. मग ‘मॉंगूस’चं अनेकवचन काय? वर्गातली चुणचुणीत मुलं लगेच हात वर करतात आणि सांगतात, ‘मॉंगीस’! तिथेच ती फसतात. बरोबर उत्तर आहे ‘मॉंगूसेस’.

असं का? बाई सांगतात, अपवाद आहे, पाठ करा. मुलं पाठ करतात आणि विषय तिथेच संपतो. पण वाचकहो, हा नुसता अपवाद नाही. या शब्दाचा हंसाशी काडीचाही संबंध नाही. इंग्रजी कानांना शब्दाचा शेवट आपल्या ओळखीच्या ‘गूस’सारखा ऐकू आला आणि त्यांनी स्पेलिंगही तसंच करून टाकलं. मूळ शब्द साता समुद्रापलीकडचा नाही. तो आपल्या परसातला आहे. गवताच्या गंजीमागून सुळकन पळणारं, मागच्या पायांवर उभं राहून टकमक बघणारं ते झुपकेदार शेपटीचं जनावर मराठी घरात ‘मुंगूस’ असतं, कानडी घरात ‘मुंगुसि’ असतं आणि तेच इंग्रजीत जाऊन ‘मॉंगूस’ झालं आहे.

खानापूर तालुक्यात अशी घरं काही कमी नाहीत जिथे वडिलांकडची आजी मराठी बोलते आणि आईकडची अज्जी कानडी. त्यांच्या नातवंडांना हा शब्द आता पहिल्यांदा भेटतो तो इंग्रजी पुस्तकातल्या चित्राखाली. पोरांना वाटतं, आपण एक नवा इंग्रजी शब्द शिकलो. प्रत्यक्षात तो दोन्ही आज्यांच्या तोंडचा शब्द असतो आणि नातवंडं तो फिरंगी उच्चारात शिकत असतात! म्हणूनच या एका शब्दाची कुळकथा आज सांगायची आहे.

इंग्रजीत कसा गेला?

इंग्रजीत हा शब्द छापलेला दिसतो तो सतराव्या शतकाच्या अखेरीस. ईस्ट इंडिया कंपनीचा एक डॉक्टर होता, जॉन फ्रायर. तो १६७३ मध्ये हिंदुस्थानात आला. सुरत, मुंबई, जुन्नर, कारवार, गोवा असा हिंडला. शिवाजी महाराजांच्या काळातला हा प्रवासी. त्याचं प्रवासवर्णन १६९८ मध्ये लंडनमध्ये छापलं गेलं. त्यात तो ‘मॉंगूस’चा उल्लेख करतो आणि इंग्लंडमधल्या वाचकाला कळावं म्हणून सांगतो की हे जनावर फेरेटच्या नात्यातलं आहे. फेरेट म्हणजे तिकडे सशांच्या शिकारीसाठी पाळतात तो लांबुळका प्राणी.

त्याच्या शंभराहून अधिक वर्षं आधी, १५६३ मध्ये, गोव्यात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक छापलं गेलं होतं. त्यात सिलोनमधल्या अशाच एका जनावराचं वर्णन आहे. पण तिथे नाव आलं ते तमिळ ‘कीरि’वरून. म्हणजे युरोपच्या हातात आधी तमिळ नाव पडलं होतं. तरी टिकलं ते आपल्याकडचं. इंग्रजांनी ते थेट इथल्या लोकांकडून उचललं असेल किंवा पोर्तुगिजांच्या तोंडून. काही कोश पोर्तुगीज वाटही दाखवतात. पण मूळ म्हणून बहुतेक मोठ्या इंग्रजी कोशांमध्ये आज एकाच भाषेचं नाव आढळतं, ते म्हणजे मराठी. मंगूस, मुंगूस अशी रूपं मराठीत होतीच.

मराठी वाचकाची कॉलर इथे ताठ होणं साहजिक आहे. पण जरा थांबा. तेच कोश पुढे आणखी एक वाक्य लिहितात: मराठीत हा शब्द द्राविडी भाषांमधून आला असावा.

मराठीत कुठून आला?

हे ओळखायला भाषाशास्त्राची पदवी लागत नाही. सोयरीक जुळवताना आपण जसं घराणं बघतो, तसंच शब्दाचंही बघायचं.

मराठीच्या उत्तरेकडच्या बहिणींकडे आधी जाऊ. हिंदीत या जनावराला ‘नेवला’ म्हणतात. गुजरातीत ‘नोळियो’. ओडियात ‘नेउळ’. या सगळ्यांचं मूळ संस्कृत ‘नकुल’ या शब्दात आहे. पांडवांतल्या चौथ्या भावाचं नावही तेच. मराठी ही याच घराण्यातली भाषा. तिच्याकडेही ‘नकुल’वरून आलेलं एखादं नाव रोजच्या वापरात असायला हवं होतं. पण मराठीने नकुल हे नाव पांडवासाठी ठेवलं आणि परसातल्या जनावराला म्हटलं मुंगूस. कोकणीनेही तेच केलं.

आता दक्षिणेकडच्या शेजारणींकडे वळू. कानडीत ‘मुंगुसि’, ‘मुंगिसि’ आणि जुनं ‘मुंगुलि’. तेलुगूत ‘मुंगि’ आणि ‘मुंगिस’. जिथे मराठीचा वारा फारसा लागलेला नाही अशा दूरच्या तेलुगू मुलखातही तोच शब्द सापडतो. उत्तरेत नाही आणि दक्षिणेत आहे, म्हणजे शब्द कुठून कुठे आला हे उघड आहे. बरो आणि एमेनो या दोन विद्वानांनी १९६१ मध्ये द्राविडी भाषांचा व्युत्पत्तिकोश काढला. त्यातही ही सगळी रूपं एकाच कुळाखाली नोंदवली आहेत.

हा शब्द नक्की कुणाचा, यावर इंग्रज साहेबांचंही एकमत नव्हतं. यूल आणि बर्नेल यांनी १८८६ मध्ये इंग्रजीत शिरलेल्या देशी शब्दांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ नावाचा प्रसिद्ध कोश काढला. त्यांनी हा शब्द तेलुगू ठरवला. पण प्राणिशास्त्रज्ञ जर्डन याला दख्खनी आणि मराठी म्हणतो, अशी नोंदही लगेच केली. कुणी संस्कृतमधूनही ओढूनताणून व्युत्पत्ती लावून पाहिली, पण ती टिकली नाही. कानडीची पिढ्यान्‌पिढ्या आठवण ठेवणारा किट्टेल यांचा कोश १८९४ चा आणि मराठीचा मोल्सवर्थ त्याच्याही आधीचा, १८३१ चा. एकात कानडी रूप, दुसऱ्यात मराठी रूप. एकच जनावर दोन्ही कोशांत सुखाने नांदतं आहे.

मग हा शब्द कुणाचा? जन्म कानडी-तेलुगूच्या घरचा. वाढला मराठी-कोकणीच्या अंगणात. आणि समुद्र ओलांडला तो मराठी नाव लावून. सासर-माहेर दोन्हीकडची माणसं लग्नाला असावीत, तसं हे झालं.

बंदुका, मोटारी आणि बेटं

इंग्रजीत गेल्यावर या शब्दाने जग पाहिलं. रडयार्ड किपलिंगची ‘रिकी-टिकी-टावी’ ही मुंगसाची गोष्ट १८९४ च्या ‘जंगल बुक’मध्ये आहे. ती घडते बिहारमधल्या सुगौलीच्या छावणीत. तिथले लोक त्या जनावराला नेवला म्हणणार. पण गोष्ट इंग्रजीत, म्हणून त्याला नाव मिळालं आपल्याकडचं! उत्तरेतल्या जनावराला दक्षिणेतलं नाव लागलं, आणि ते साऱ्या जगातल्या मुलांनी वाचलं.

फ्रेंचमध्ये तो ‘मांगूस्त’ झाला, इटालियनमध्ये ‘मांगुस्ता’. इटलीत १९६७ पासून काही वर्षं ‘मांगुस्ता’ नावाची एक वेगवान मोटारगाडी निघत होती. त्या काळी अमेरिकेत ‘कोब्रा’ नावाची गाडी गाजत होती, तिला गिळणारी गाडी म्हणून हे नाव ठेवलं असं सांगतात. पुढे १९८३ मध्ये त्याच देशात एक लढाऊ हेलिकॉप्टर उडालं, त्याचंही नाव ‘मांगुस्ता’. अमेरिकेच्या हेलिकॉप्टरचं नाव ‘कोब्रा’ होतंच. साप आणि मुंगसाचं वैर असं आकाशातही पोचलं.

शास्त्रज्ञांनीही हा शब्द उचलला. आफ्रिकेत पट्टेरी मुंगसाची एक जात आहे. तिचं शास्त्रीय नाव ‘मुंगोस मुंगो’. हिंदुस्थानात ती जात मुळीच नाही, पण नावात आपला शब्द दोनदा! मुगाच्या डाळीशी मात्र याचा संबंध जोडू नका. ‘मूग’ हा संस्कृत ‘मुद्ग’वरून आलेला वेगळा शब्द आहे.

जिथे जनावर गेलं, तिथे नावही गेलं. उसाच्या मळ्यातले उंदीर मारायला १८७२ मध्ये कलकत्त्याहून नऊ मुंगसं जमैकात नेली. ही आपल्या परसात दिसतात त्यापेक्षा लहान जातीची. तिथून १८८३ मध्ये ती हवाई बेटांवर पोचली. डाव मात्र फसला. उंदीर रात्री फिरतात आणि मुंगूस दिवसा. मुंगसांनी उंदरांपेक्षा पक्ष्यांची अंडी, पिल्लं आणि सरडेच जास्त खाल्ले. हवाईतल्या मूळ लोकांच्या भाषेत त्यांचं नाव पडलं ‘मानाकुके’. इंग्रजी शब्दच त्यांच्या जिभेवर असा वळला.

जपाननेही विषारी सापांसाठी हाच प्रयोग केला. ओकिनावात १९१० मध्ये आणि अमामी ओशिमा बेटावर १९७९ मध्ये मुंगसं सोडली. इथेही नेम चुकला, बेटावरचे दुर्मीळ ससे धोक्यात आले. मग कित्येक वर्षं मोहीम चालवून अमामीतली मुंगसं संपवावी लागली. ती पूर्ण नाहीशी झाल्याची घोषणा सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. जपानी भाषेत मुंगसाला म्हणतात ‘मांगूसु’. जरा मोठ्याने म्हणून बघा. इंग्रजीपेक्षाही आपल्या आजीच्या उच्चाराला ते जवळचं वाटतं की नाही?

मुळीवर विसंबू नका

या शब्दाला चिकटून एक समजूतही जगभर फिरली. सापाशी झुंजताना डंख झाला की मुंगूस रानात जाऊन एक मुळी खातं आणि विष उतरवतं, असं आपल्याकडे पूर्वापार सांगतात. ‘मुंगूसवेल’ हे नाव त्यातूनच आलं. गार्सिया द ओर्ताने ही गोष्ट लिहिली आणि ती युरोपात पोचली. स्वीडनच्या लिनियसने १७५३ मध्ये अशा एका झाडाला शास्त्रीय नाव दिलं, ‘ओफिओरायझा मुंगोस’. पहिल्या शब्दाचा अर्थ सापाची मुळी, दुसरा आपला मुंगूस.

नाव सुंदर आहे, पण समजूत खोटी आहे. मुंगूस वाचतं ते मुख्यतः त्याच्या चपळाईमुळे आणि दाट, राठ केसांमुळे. त्याच्या शरीरातही एक सोय आहे. नागाच्या विषातला घातक अंश मज्जातंतू आणि स्नायू जिथे जुळतात तिथे जाऊन चिकटतो. मुंगसाच्या शरीरातली ती जागाच थोडी वेगळ्या घडणीची असते, त्यामुळे विष तिथे नीट चिकटत नाही. इस्रायलच्या शास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये हे दाखवून दिलं. म्हणजे औषध रानात नव्हतं, ते मुंगसाच्या अंगातच होतं. माणसाच्या शरीरात ही सोय नाही.

आपला तालुका भाताच्या खाचरांचा, उसाचा आणि रानाचा. पावसाळ्यात सर्पदंशाच्या बातम्या येतात. तेव्हा मुळी उगाळण्यात, मंत्र घालण्यात किंवा जखम कापण्यात एक मिनिटही घालवू नका. माणसाला धीर द्या, चावलेला भाग हलू देऊ नका आणि प्रतिविषाचं इंजेक्शन मिळेल अशा रुग्णालयात ताबडतोब न्या. कर्नाटक सरकारने २०२४ मध्ये सर्पदंशाच्या प्रत्येक घटनेची नोंद बंधनकारक केली आहे. एका शब्दामागची खोटी समजूत सोडली तर कुणाचा तरी जीव वाचेल.

मुंगसाचाही जीव वाचवायला हवा. चित्रकारांच्या ब्रशसाठी त्यांच्या केसांचा चोरटा धंदा चालतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे जनावर संरक्षित आहे. भीमगड अभयारण्य ज्या पश्चिम घाटात येतं, त्या घाटातल्या रानात मानेवर काळा पट्टा असलेलं मोठं मुंगूस राहतं. आशियातलं सगळ्यात मोठं मुंगूस तेच.

वैर एकच, म्हणही एकच

दोन माणसांचं मुळीच पटत नसेल तर मराठीत म्हणतात, साप-मुंगसाचं वैर. कानडीत म्हणतात, ‘हावु-मुंगुसि’. साप बदलला, हावु झाला. मुंगूस तेच राहिलं. संस्कृतमध्ये तर पाणिनीने याचा नियमच केला. ज्यांचं वैर कायमचं, त्यांचा समास एकवचनी होतो. त्याचं उदाहरण म्हणून ‘अहिनकुलम्’ देतात, म्हणजे साप आणि मुंगूस.

आपल्या भागात मराठी आणि कानडीचा विषय निघाला की कुणीतरी हीच उपमा देतं. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून या प्रश्नाने इथल्या कितीतरी घरांची झोप उडवली आहे. तो प्रश्न राजकारणाचा आणि न्यायालयाचा. तो मोठा आहे आणि इथे त्यावर बोलायचं नाही. पण भाषांच्या वैरासाठी वापरलेल्या या उपमेतला एक शब्द त्याच दोन भाषांनी मिळून वापरलेला आहे, एवढं मात्र ध्यानात ठेवावं.

आणि हा शब्द काही एकटा नाही. आपल्या ताटातलं तूप कानडीत ‘तुप्प’ आहे. अडकित्त्यातली ‘अडके’ म्हणजे कानडी सुपारी. अक्का, अण्णा, अप्पा ही तर दोन्ही घरांतली हक्काची नाती. उलट दिशेनेही देवघेव झाली. बेळगाव-धारवाडकडच्या कानडी घरांत काका, काकू, मावशी सर्रास ऐकू येतात आणि मराठी वहिनी तिथे ‘वैनि’ होऊन नांदते. जवळची नाती आणि रोजचं जेवण यांचेच शब्द माणूस शेजाऱ्याकडून घेतो, कारण त्यासाठी एकमेकांच्या घरात उठबस लागते. मुंगसाचा शब्दही असाच कुंपणावरून इकडचा तिकडे झाला असेल. जनावर कधी या परसात, कधी त्या परसात. नावानेही तेच केलं.

पालकांसाठी थोडंसं

दोन भाषांच्या घरात मुलांना वाढवताना पालकांना एक धास्ती असते. दोन्ही बोलल्या तर पोर गोंधळेल, इंग्रजीत मागे पडेल. मग घरात एक भाषा हळूहळू बंद होते, कधी कधी दोन्ही बंद होतात. पोर इंग्रजीत ‘मॉंगूस’ म्हणतं आणि परसातल्या जनावराकडे बघून विचारतं, याला आपल्याकडे काय म्हणतात?

या एका शब्दावरून तरी ती भीती सोडून द्यायला हरकत नाही. ज्या मुलाला मुंगूस आणि मुंगुसि दोन्ही ठाऊक आहेत, त्याला ‘मॉंगूस’ पाठ करावा लागत नाही, तो आपोआप लक्षात राहतो. अनेकवचनाचा तो अपवादही मग अपवाद वाटत नाही, कारण त्यात हंस नाहीच हे त्याला माहीत असतं. घरच्या भाषा इंग्रजीच्या आड येत नाहीत, कधी कधी त्या इंग्रजीची किल्लीच देतात.

मुंगसाचं दर्शन शुभ मानतात. त्याने वळून तोंड दाखवावं म्हणून मुलं त्याला रामाची शपथसुद्धा घालतात. पुढच्या वेळी परसात ते दिसलं, की मुलांना तिन्ही नावं सांगा आणि त्यातलं सगळ्यात नवं नाव इंग्रजी आहे हेही सांगा. मग एखाद्या रविवारी घरातल्या दोन्ही बाजूंच्या वडीलधाऱ्यांना एकत्र बसवा. एक वही घ्या. स्वयंपाकघर, शेत, गोठा, नाती, झाडं, पाखरं असे भाग पाडा आणि दोन्ही भाषांत सारखे असलेले शब्द मुलांकडून लिहून घ्या. आजी एक सांगेल, अज्जी दुसरा सांगेल, एखाद्यावर थोडी हुज्जतही होईल. ती होऊ द्या. वही मात्र जपून ठेवा, कारण यातले कितीतरी शब्द आज फक्त त्या दोघींनाच ठाऊक आहेत.